परागकण आणि गाडलेली माती यांवरून प्राचीन हवामान व झाडोरा कसा ओळखतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळ्याच्या तळाशी साचत गेलेला गाळ आणि नव्या थराखाली दबलेली जुनी जमीन, या दोन्हींत त्या त्या काळच्या झाडोऱ्याच्या आणि पावसापाण्याच्या खुणा उरतात. मात्र दोन्ही पुरावे अपुरे असतात, आणि तेही वेगवेगळ्या तऱ्हेने. परागकण दूरदूरच्या रानाची बातमी आणतात, पण कोणते झाड नेमके कुठे उभे होते ते सांगत नाहीत. माती पायाखालच्या जागेबद्दल बोलते, पण शेकडो-हजारो वर्षे एकात एक मिसळून. म्हणून काय उरले आहे हे मोजण्याआधी काय गेले आहे याचा अंदाज घ्यावा लागतो. पुढची बहुतेक उत्तरे याच काळजीतून आली आहेत.

परागकण लाखो वर्षे टिकतात तरी कसे?

कणाचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन या पदार्थाचे असते. आतला सजीव भाग आणि सेल्युलोजचे आतले आवरण लवकर कुजते, कवच मागे उरते. बहुतेक आम्ले आणि अल्कली या कवचाचे फारसे काही बिघडवू शकत नाहीत, म्हणूनच प्रयोगशाळेत त्याच्याभोवतीचे जवळजवळ सगळे विरघळवून कण वेगळे करता येतात. कवचाला खरा धोका ऑक्सिजनचा, आणि ऑक्सिजनच्या जोरावर जगणाऱ्या बुरशी-जिवाणूंचा. तळ्याचा गाळ किंवा पीट (दलदलीत साचलेला, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) कायम पाण्याखाली राहिला तर कण नव्यासारखे दिसतात. आलटून पालटून ओली-कोरडी होणाऱ्या जागेत ते झिजतात, चुरगळतात आणि शेवटी नाहीसे होतात.

कणावरून झाड किती नेमके ओळखता येते?

कधी प्रजातीपर्यंत, बऱ्याचदा वंशापर्यंत, काही वेळा फक्त कुळापर्यंत. बहुतेक कण १० ते १०० मायक्रॉनचे असतात. ४०० पट मोठे करून मोजणी होते, शंका आली की १,००० पट आणि तेलातली भिंग वापरतात. पाइनच्या कणाला हवेच्या दोन पिशव्या असतात, तो कोणालाही ओळखता येतो. अल्डरच्या कणाला चार-पाच छिद्रे आणि ती जोडणाऱ्या जाड कमानी असतात. राजगिऱ्याच्या कुळातील कणांवर सगळीकडे छिद्रे विखुरलेली, सूर्यफुलाच्या कुळातील बऱ्याच कणांवर काटे.

गवतांपाशी मात्र हात टेकावे लागतात. साऱ्या कुळाचा कण एकाच ठशाचा: गोल, गुळगुळीत, एक छिद्र आणि भोवती कडे. लागवडीच्या तृणधान्यांचे कण साधारण ४० मायक्रॉनपेक्षा मोठे आणि कडे जाड असते, पण काही रानटी गवतेही त्या मापात बसतात. गवतांचे गट वेगळे करायचे असतील तर पानांतील सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, पाहावेत. डंबेलच्या आकाराचे फायटोलिथ मुख्यतः बाजरी-ज्वारीच्या उपकुळाकडे बोट दाखवतात, खोगिराच्या आकाराचे रखरखीत, उष्ण प्रदेशातील आखूड गवतांकडे.

ओळख पक्की करायला संदर्भसंग्रह हवाच. नाव पक्के माहीत असलेल्या वनस्पतीचे परागकोश घ्या, त्यांवर जुन्या नमुन्यांवर करता तीच रासायनिक प्रक्रिया करा आणि त्याच माध्यमात स्लाइड बनवा. ग्लिसरीन जेलीत कण फुगतात, सिलिकॉन तेलात फुगत नाहीत. एका माध्यमातली मापे दुसऱ्याशी ताडली तर रानगवताचे तृणधान्य व्हायला वेळ लागत नाही.

नमुना घ्यायला कोणते तळे निवडावे?

आधी प्रश्न ठरवा, मग तळे. ५० हेक्टरपेक्षा मोठ्या सरोवरात दहा-दहा किलोमीटरांवरून पराग येतो, त्यावरून साऱ्या प्रदेशाचा झाडोरा कळतो. जंगलातला काही मीटरांचा खळगा भोवतालच्या मोजक्या झाडांचीच नोंद ठेवतो. प्रादेशिक हवामान हवे असेल तर खळगा कामाचा नाही, एका डोंगरउताराची कथा हवी असेल तर मोठे सरोवर कामाचे नाही.

नदी-ओढा येऊन मिळतो असे तळे शक्यतो टाळा. ओढा काठ खरवडून जुन्या थरांतले पराग नव्या गाळात आणून टाकतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते दर वेळी वेगळे दिसतीलच असे नाही. पीटमध्ये कण उत्तम टिकतात, पण दलदलीत उगवलेल्या लव्हाळ्यांचा पराग बाकी सगळ्यांना झाकून टाकतो. अशा ठिकाणी दलदलीच्या वनस्पती एकूण बेरजेतून वगळाव्या लागतात.

गाळाचा कोअर काढताना नेमके काय चुकते?

कोअर म्हणजे गाळात अवजार खुपसून काढलेला उभा, लांबट तुकडा, आणि ते अवजार म्हणजे कोअरर. पीटसाठी रशियन कोअरर सोयीचा. त्याचा अर्धगोल कप्पा साधारण ५० सेमी लांब असतो आणि तो बाजूने गाळ कापतो, त्यामुळे गाळ दाबला जात नाही. मऊ सरोवरी गाळासाठी लिव्हिंगस्टन पद्धतीचा, आत दट्ट्या असलेला कोअरर वापरतात. नेहमीच्या चुका अशा:

अवजाराचे टोक पुढच्या तुकड्याचा वरचा भाग ढवळून ठेवते. यावर उपाय म्हणजे एक-दोन पावलांवर दुसरे भोक घेऊन तिथले तुकडे निम्म्या लांबीने वरखाली ठेवणे. एका भोकातला सांधा दुसऱ्या भोकातल्या तुकड्याच्या मधोमध येतो आणि नोंद अखंड राहते.

सगळ्यात वरचा पातळ, सुपासारखा गाळ दट्ट्याच्या कोअररमध्ये हमखास निसटतो. तोच आजच्या हवामानाशी सांधा जोडणारा भाग असतो, म्हणून त्यासाठी वेगळा गुरुत्व-कोअरर लागतो.

अवजार किती खोल गेले आणि हाती किती लांबीचा गाळ आला, हे दोन्ही आकडे प्रत्येक तुकड्यासाठी लिहा. एक मीटर खाली जाऊन ८५ सेमी गाळ मिळाला असेल तर उरलेला दबला, निसटला की मुळात आत शिरलाच नाही, हे नंतर आठवणीवरून ठरवता येत नाही. प्रत्येक तुकड्यावर वरच्या दिशेचा बाण तिथल्या तिथे काढा. बाहेरचा थर अवजाराच्या भिंतीला घासून वरखाली पसरलेला असतो, तो आडव्या फटकाऱ्यांनी खरवडा, उभ्या कधीच नाही. मग पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, अर्ध्या कापलेल्या पीव्हीसी पाइपात ठेवून ४ अंश सेल्सिअसला साठवा.

प्रयोगशाळेत पराग वेगळा करण्याचा क्रम काय?

तळ्याचा गाळ असेल तर १ घनसेंमी पुरतो, मातीचा नमुना ५ ते १० ग्रॅम घ्यावा लागतो. प्रत्येक टप्प्यानंतर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचे द्रव ओतून द्यायचे आणि धुवायचे. गाळ तळाशी नीट बसण्याआधी घाईने ओतले तर कणही त्याबरोबर जातात.

पहिला टप्पा १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा, कार्बोनेट काढण्यासाठी. आम्ल थेंबाथेंबाने घाला. चुनखडीयुक्त गाळ फेसाळून नळीबाहेर आला की त्या नमुन्याची संहती (घनसेंमीमागे कणांची संख्या) हिशेबातून गेलीच. फेस चढू लागला तर अल्कोहोलचे दोन थेंब टाका, तो बसतो.

दुसरा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळत्या पाण्याच्या बाथवर सुमारे १० मिनिटे. यात ह्युमिक पदार्थ विरघळून द्रव गडद तपकिरी होते. मग साधारण १८० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घ्या. जाळीवर उरलेले फेकू नका, बिया, पानांचे तुकडे आणि कोळसा त्यातच सापडतो. धुण्याचे पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा.

तिसरा टप्पा वाळू-चिकणमाती काढण्याचा. त्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात, किंवा सुमारे २.० घनतेच्या सोडियम पॉलिटंगस्टेटमध्ये नमुना तरंगवतात. क्वार्ट्झची घनता २.६५, तो बुडतो, पराग वर येतो. आम्लाचा मार्ग घेतला असेल तर लगेच गरम, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा. थंड होऊ दिले तर फ्लोरोसिलिकेटचे स्फटिक बनतात आणि स्लाइडवर कणांच्या बरोबरीने दिसत राहतात.

चौथा टप्पा ॲसिटोलिसिसचा, स्वीडिश परागशास्त्रज्ञ गुन्नार एर्टमान यांच्या नावाशी जोडलेला. ९ भाग ॲसेटिक अॅनहायड्राइड आणि १ भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल, ९० ते १०० अंशांवर सुमारे ३ मिनिटे. सेल्युलोज जाते, कवचाची नक्षी उठून दिसते. हे मिश्रण पाण्याशी फार जोराने अभिक्रिया करते, म्हणून आधी आणि नंतर ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने धुणे टाळता येत नाही. वेळ वाढवली तर कण काळे पडतात.

शेवटी सॅफ्रानिनचा हलका रंग, टर्ट-ब्युटेनॉलने पाणी काढणे आणि सिलिकॉन तेल. या तेलात कव्हरस्लिप हलकेच दाबली की कण लोळतो आणि दुसरी बाजू पाहता येते. ओळख पटवताना ही सोय लाखमोलाची ठरते.

प्रत्येक खेपेबरोबर एक रिकामी नळी, नमुना न घालता, सगळ्या टप्प्यांतून न्या. बहराच्या दिवसांत खिडकीतून आलेला पराग त्या नळीतच पकडला जातो.

हायड्रोफ्लोरिक आम्लाशिवाय भागते का?

भागत असेल तर जरूर भागवा. सेंद्रिय पीटमध्ये त्याची गरजच नसते. बहुतेक गाळांत जड द्रवाने काम होते, फक्त द्रवाची घनता दर खेपेला तपासावी लागते आणि चिकणमाती आधी सोडियम पायरोफॉस्फेटने सुटी करावी लागते. हे आम्ल त्वचेतून आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते. पातळ आम्ल लागले तर सुरुवातीला दुखतही नाही, आणि तोवर आतली हानी सुरू झालेली असते. चालू फ्यूम हूड, योग्य हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि खोलीत दुसरा प्रशिक्षित माणूस, यांपैकी एक गोष्ट कमी असली तरी बाटली उघडू नये. काचेची भांडी चालत नाहीत, हे आम्ल काच खाते. थेंबभर लागले तरी भरपूर पाण्याने धुऊन, जेल लावून थेट रुग्णालय गाठायचे, दुखण्याची वाट पाहायची नाही.

नमुन्यात लायकोपोडियमची गोळी का टाकतात?

धुण्या-गाळण्यात किती कण वाया गेले ते कळत नाही. म्हणून सुरुवातीलाच, लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजुकांची, संख्या माहीत असलेली गोळी घालतात. पराग जेवढ्या प्रमाणात हरवतो तेवढ्याच प्रमाणात ही बीजुकेही हरवतात, त्यामुळे गुणोत्तर टिकते. गोळीतील संख्या बाटलीगणिक बदलते, म्हणून बाटलीवरचा गट-क्रमांक वहीत लिहा.

हिशेब असा. १ घनसेंमी गाळात एकूण २०,००० बीजुके घातली. मोजताना ४०० पराग आणि १०० बीजुके दिसली. संहती झाली ४०० ÷ १०० × २०,००० = ८०,००० कण प्रति घनसेंमी. त्या थराचा गाळ वर्षाला ०.०५ सेमी या वेगाने साचला असेल तर दर चौरस सेंमीवर वर्षाला ४,००० कण पडत होते. हा शेवटचा आकडा मोलाचा, पण तो वयाच्या मोजणीइतकाच भरवशाचा असतो.

एका नमुन्यात किती कण मोजावेत?

जमिनीवरच्या वनस्पतींचे ३०० ते ५००. पाणवनस्पती आणि नेच्यांची बीजुके बेरजेबाहेर ठेवतात. एखादे झाड १० टक्के असेल तर ३०० कणांत त्याची चूक साधारण ±३.४ टक्के, ५०० कणांत ±२.६ टक्के येते. स्लाइडचा एकच कोपरा मोजून थांबू नका, लहान-मोठे कण कडेला आणि मध्यभागी सारखे पसरत नाहीत. समान अंतरावरच्या पूर्ण ओळी मोजा.

पाइनचा पराग ४० टक्के म्हणजे पाइनची झाडेही ४० टक्के का?

नाही, आणि या विषयात सर्वाधिक गैरसमज इथेच होतात. वाऱ्यावर विसंबणारी झाडे अमाप पराग उधळतात, कीटकांवर विसंबणारी मोजका आणि चिकट. पाइनचा कण तर शेकडो किलोमीटर जातो, एकही झाड नसलेल्या टुंड्राच्या गाळातही तो मिळतो. पाइन तिथेच होता हे सिद्ध करायला त्याची सुई, बी, निदान पानावरच्या रंध्रपेशी गाळात सापडाव्या लागतात.

दुसरा सापळा टक्केवारीचा. समजा एका थरात घनसेंमीला झाडांचे ६,००० आणि गवताचे ४,००० कण आहेत: ६० आणि ४० टक्के. वरच्या थरात झाडांचे २,००० उरले, गवताचे ४,०००च राहिले. आता गवत ६७ टक्के झाले. आलेखावर गवताळ प्रदेश पसरल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात गवताचा एकही कण वाढलेला नाही. गोळीवरून काढलेली संहती याच कारणाने टक्केवारीच्या शेजारी छापावी, ती न छापलेल्या आलेखावर भिस्त ठेवू नये.

परागांच्या टक्केवारीचे आधुनिक आलेख स्वीडिश भूवैज्ञानिक लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली मांडले. झाडागणिक दुरुस्ती-गुणक लावण्याची कल्पना मार्गारेट डेव्हिस यांनी १९६३ मध्ये पुढे आणली. पराग-उत्पादन, कण खाली बसण्याचा वेग आणि सरोवराचा आकार एकत्र धरणारे ‘रिव्हील्स’ हे प्रारूप शिन्या सुगिता यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याला प्रत्येक झाडाचा स्थानिक उत्पादन-गुणक लागतो. दुसऱ्या खंडातला गुणक उसना घेतला की उत्तर दिसायला नेमके आणि असायला चुकीचे येते.

परागावरून तापमान आणि पाऊस आकड्यांत कसे काढतात?

आजच्या शेकडो तळ्यांच्या पृष्ठभागावरील गाळातला पराग आणि तिथले मोजलेले हवामान यांचा संच आधी तयार करतात. मग जुन्या नमुन्याला सगळ्यांत जवळचे आजचे नमुने शोधून त्यांच्या हवामानाची सरासरी घेतात, किंवा प्रतिगमनाने, म्हणजे संख्याशास्त्रीय पद्धतीने, समीकरण बसवतात. तापमानातली चूक बहुधा एक-दोन अंशांची असते.

ही पद्धत तीन ठिकाणी अडखळते. हिमयुगाच्या अखेरीस झाडांची जी सरमिसळ होती, त्यांपैकी काहींना आज कुठेच जोड नाही, मग ‘सगळ्यांत जवळचा’ नमुनाही लांबचाच असतो. शेवटच्या हिमयुगाच्या शिखरावर हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात १८० ते १९० भाग होता, औद्योगिक काळाआधी २८०. कमी कार्बन डायऑक्साइडमध्ये झाडाला त्याच वाढीसाठी जास्त पाणी खर्चावे लागते, त्यामुळे विरळ झाडोरा दिसला की समीकरण हवामान होते त्याहून कोरडे दाखवते. तिसरे म्हणजे आजचा झाडोरा माणसाने तोडलेला-लावलेला आहे, आणि तुलना होते ती त्याच्याशीच.

थरांत गाडलेली माती ओळखायची कशी?

तीन खुणा शोधा: मुळांच्या वाटा, मातीचे थर आणि मातीची घडण. मुळाची वाट खाली जाताना निमुळती होते आणि फाटे फुटतात, किड्याचे बीळ सारख्या जाडीचे राहते. मातीचा माथा बहुधा एका रेषेत कापल्यासारखा संपतो, तळ मात्र हळूहळू मूळ गाळात विरतो. वरून आणि खालून दोन्हीकडे ठळक कडा असलेला रंगीत पट्टा असेल तर तो साचलेला थर असण्याचीच शक्यता जास्त. ढेकूळ फोडून भिंगाने पाहा: पृष्ठावर चिकणमातीचा चकचकीत लेप असेल तर पाणी वरून झिरपत होते. तिरकी, घासून गुळगुळीत झालेली पृष्ठे दिसली तर ओल्या-कोरड्या ऋतूंत फुगणारी-भेगाळणारी चिकणमाती होती.

रंगावर एकट्यावर विसंबू नका. लाल माती म्हणजे उष्ण हवामान असे सरसकट नसते, गाडले गेल्यावरही पिवळट लोह-हायड्रॉक्साइडचे लाल हेमटाइट होते.

नमुने घेण्याआधी उघडा पडलेला कडा ३० ते ५० सेमी आत खणून ताजा करा आणि तळापासून वर घेत जा, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. सूक्ष्मरचनेसाठी धातूची चौकट दोन थरांच्या सीमेवर दाबून अखंड ठोकळा कापा. तो भट्टीत वाळवला तर चिकणमाती आकसून खोट्या भेगा पडतात, म्हणून त्यातले पाणी ॲसिटोनने बदलतात, रेझिन भरतात आणि ३० मायक्रॉन जाडीचा काप काढतात. कापात छिद्राच्या भिंतीला धरून बसलेले, पिवळसर, थरावर थर चढलेले चिकणमातीचे लेप दिसले तर तो पृष्ठभाग बराच काळ स्थिर होता आणि पाणी तिथून नियमित झिरपत होते.

मातीवरून पाऊस किती होता ते सांगता येते का?

येते, पण चूक मोठी असते आणि ती सांगितलीच पाहिजे. कोरड्या प्रदेशात चुन्याचे खडे उथळ बनतात, पावसाळी प्रदेशात खोल. ग्रेगरी रेटॅलॅक यांच्या २००५ च्या समीकरणानुसार, वार्षिक पाऊस मिमीमध्ये = १३७.२४ + ६.४५ × खोली − ०.०१३ × खोलीचा वर्ग, खोली सेंमीमध्ये. त्याची प्रमाण चूक ±१४७ मिमी. खोली ६० सेमी असेल तर उत्तर सुमारे ४७७ मिमी. पण गाडले जाण्याआधी माथा २० सेमी धुपून गेला असेल तर तुम्ही मोजाल ४० आणि पाऊस येईल ३७४. म्हणजे नुसत्या धुपीमुळे शंभर मिमी गायब. वरचा मुळांचा थर शाबूत आहे का हे आधी पाहा, आणि वरच्या ओझ्याने माती किती दबली याचीही दुरुस्ती करा. भूजलपातळीला साचलेला चुना यात धरू नये, तो सलग पाट्यासारखा असतो आणि मुळांशी त्याचा संबंध दिसत नाही.

चुना नसलेल्या मातीसाठी झिजेचा निर्देशांक आहे: ॲल्युमिनियम ऑक्साइड भागिले ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि सोडियम ऑक्साइडांची बेरीज, गुणिले १००. हे प्रमाण मोलमध्ये घ्यायचे. प्रयोगशाळा वजनाची टक्केवारी देते, तीच सूत्रात घालणे ही नेहमीची चूक. पाऊस = २२१.१ × ई चा (०.०१९७ × निर्देशांक) वा घात. निर्देशांक ७० असेल तर सुमारे ८७८ मिमी, चूक ±१८२. नमुना खालच्या, चिकणमाती साचलेल्या थराचाच हवा.

मातीतला कार्बन झाडोऱ्याबद्दल काय सांगतो?

झाडे, झुडपे आणि थंड प्रदेशातील गवते प्रकाशसंश्लेषणाच्या सी-३ मार्गाने कार्बन बांधतात, त्यांचे कार्बन-१३ चे (जड कार्बनच्या प्रमाणाचे) मूल्य दर हजारी −२७ च्या आसपास असते. उष्ण प्रदेशातील गवते सी-४ मार्गाची, मूल्य सुमारे −१३. मातीत बनलेला चुना या वनस्पतींपासून आलेल्या सेंद्रिय पदार्थापेक्षा १४ ते १७ ने जड असतो. म्हणून निव्वळ सी-३ झाडोऱ्याखालचा चुना −१२ च्या, निव्वळ सी-४ गवताखालचा +२ च्या आसपास येतो. पाकिस्तानातील शिवालिक थरांत सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी हे मूल्य −१० च्या जवळून शून्याच्या आसपास चढते. सी-४ गवते पसरल्याची ती ठळक नोंद आहे. चुना जुन्या पृष्ठभागाच्या निदान ३० सेमी खालचा घ्या, वरच्या भागात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो. गवताच्या परागाने जे सांगता येत नाही ते इथे सांगता येते.

लोएसमध्ये मातीचे पट्टे एवढे महत्त्वाचे का?

लोएस म्हणजे वाऱ्याने आणलेली बारीक धूळ. चीनच्या लोएस पठारावर थंड-कोरड्या काळात धूळ साचली, उबदार-ओल्या काळात तिच्यावर माती बनली, आणि हे आलटून पालटून सुमारे २६ लाख वर्षे चालले. तिथल्या मातीत बारीक चुंबकीय खनिजे तयार होतात, त्यामुळे चुंबकीय ग्रहणशीलता (चुंबकीय क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) मातीत जास्त, लोएसमध्ये कमी. पण हा नियम दुसरीकडे जसाच्या तसा लावू नका. अलास्कात उलटे आढळते: जोरदार वाऱ्याने जड चुंबकीय कण लोएसमध्येच जास्त आणून टाकले.

गाडलेल्या मातीतही पराग मोजता येईल ना?

येईल, पण भरवसा जपून ठेवावा. मातीचा सामू ६ च्या वर गेला की पराग फार कमी उरतो, आम्लधर्मी मातीत बरा टिकतो. गांडुळे कण वरखाली करतात, पाणी ते खाली नेते. शिवाय सगळे कण सारखे झिजत नाहीत: जाड कवचाची नेच्यांची बीजुके आणि डँडेलियनच्या गटाचे कण शेवटपर्यंत ओळखू येतात, नाजूक कण आधी जातात. एखाद्या नमुन्यात हेच दोन गट भरमसाट आणि बाकी जवळजवळ काही नाही असे दिसले तर ते नेच्यांचे रान नव्हे, झिजून उरलेला अवशेष समजावा. ग्रॅममागे हजाराहून कमी कण असतील किंवा बरेच कण कुरतडलेले असतील तर टक्केवारी काढूच नये. अशा वेळी फायटोलिथ आणि कोळसा अधिक खात्रीचे.

थरांचे वय कसे ठरवतात?

५०,००० वर्षांपर्यंत रेडिओकार्बन. मोजणीसाठी जमिनीवरच्या वनस्पतीची बी, पान किंवा डहाळी निवडा, सरसकट गाळ नको. चुनखडीच्या प्रदेशात पाणवनस्पती खडकातला जुना, ‘मृत’ कार्बन घेतात. असा कार्बन १० टक्के मिसळला की वय सुमारे ८५० वर्षांनी वाढते. उलट, अतिप्राचीन नमुन्यात आजचा कार्बन अवघा १ टक्का मिसळला तरी वय ३७,००० वर्षांच्या आसपास दिसते. एखादे बारीक मूळ चिमट्यातून सुटले तर एवढे पुरते. गाडलेल्या मातीतील ह्युमसचे वय म्हणजे माती बनत असतानाच्या साऱ्या काळाची सरासरी असते, गाडले गेल्याची तारीख नव्हे.

वाळू-धुळीच्या थरांसाठी प्रकाश-उद्दीपित दीप्तीची पद्धत आहे, क्वार्ट्झच्या कणाला शेवटचा सूर्यप्रकाश कधी लागला ते ती सांगते. अपारदर्शक नळी कड्यात ठोकून दोन्ही तोंडे लगेच बंद करा, टोकांची उजेड लागलेली माती वयासाठी वापरू नका. गॅमा किरण सुमारे ३० सेमीवरून येतात, म्हणून नळी दोन थरांच्या सीमेजवळ किंवा मोठ्या दगडाशेजारी ठोकू नये. मातीतले पाणी मोजायला नमुना वेगळा घ्या. पाणी किरणांना अडवते, त्यामुळे ओलाव्याचा अंदाज चुकला की वयही चुकते.

पराग एक सांगतो आणि माती दुसरेच, तेव्हा कोणाचे मानायचे?

आधी दोघे एकाच जागेबद्दल आणि एकाच काळाबद्दल बोलत आहेत का ते पाहा. बहुतेक भांडणे तिथेच मिटतात. पराग टेकडीवरच्या रानाचा असू शकतो आणि माती नदीकाठच्या गवताळ पट्ट्याची, मग दोन्ही खरे. गाळाच्या एका सेंमीत वीस वर्षे असतील, मातीच्या एका थरात तीन हजार. छोटा, तीव्र दुष्काळ परागात उमटेल, मातीत दिसणारच नाही. एवढे करूनही विसंगती उरली तर कालमापन पुन्हा तपासा, आणि मग टिकण्यातला फरक.

दोन्ही जुळतात तेव्हा चित्र ठसठशीत होते. सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या ‘यंगर ड्रायस’ या थंड काळात वायव्य युरोपातील कित्येक तळ्यांत बर्चचा पराग घटतो, आर्टेमिसिया (दवण्याच्या वंशातील वनस्पती) आणि गवते वाढतात. त्याच खोलीवर तपकिरी सेंद्रिय गाळाच्या मधोमध करड्या मातकट चिकणमातीचा पट्टा येतो, कारण झाडोरा विरळ झाल्यावर उतारांची माती वाहून तळ्यात आली.

झाडे हवामानाने गेली की माणसाने तोडली?

एकट्या परागावरून ठरवणे कठीण. युरोपात तृणधान्ये आणि रिबवर्ट प्लँटेन हे कुरणांतले तण यांचा पराग, कोळशाची वाढ आणि उतारावरून आलेली माती एकाच वेळी दिसली तर माणसाकडे बोट जाते. १२५ मायक्रॉनहून मोठा कोळसा जवळच्या आगीचा, बारीक कोळसा दुरूनही येतो. हवामान बदलले असेल तर दूरदूरच्या तळ्यांत बदल साधारण एकाच सुमारास यायला हवा.

काम संपल्यावर उरलेला कोअर ठेवावा का?

नक्की ठेवा. उभा दुभागून एक अर्धा भाग हात न लावता राखून ठेवण्याची पद्धत आहे. पानांवरील मेणाचे रेणू आणि गाळातला प्राचीन डीएनए आज तपासता येतो, तोही अशाच राखलेल्या गाळातून, आणि डीएनएसाठी तर नमुना पहिल्यापासून स्वच्छ, थंड आणि बंद असावा लागतो. वेष्टन दर वर्षी तपासा. फाटले असेल तर बदला, कारण वाळलेला गाळ आकसतो, तडकतो आणि सेंमीची खूण कुठली कुठे जाते. पट्टीवर खोलीचे आकडे पुसले न जाणाऱ्या शाईने लिहा आणि नोंदवहीची एक प्रत कोअरसोबतच ठेवा.